देह ठेवायचा कुठे?

मयताच्या घरी सांत्वनाला गेलेल्या माणसाला शब्द सुचेनासे झाले की एक वाक्य हमखास येतं, "आत्मा गेला, आता उरली ती नुसती कुडी." वसई-उत्तनच्या कॅथलिक घरांतही ते तितक्याच सहजपणे बोललं जातं. मराठीत वाढलेल्या माणसाच्या तोंडी ते येणारच. जुनं वस्त्र टाकून नवं नेसावं तसा आत्मा देह बदलतो, हा गीतेतला दाखला आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की बोलणारा कुठल्या धर्माचा, याची चौकशी करायची वेळच येत नाही. पण कॅथलिक शिकवणुकीच्या कसोटीवर हे वाक्य मुळातूनच चुकतं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या चर्चच्या थोर तत्त्वज्ञानं संत पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रावर भाष्य करताना ते एका ओळीत खोडून ठेवलं आहे: माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. नुसता आत्मा तरला तर मी तरलो असं म्हणता येणार नाही, असंही तो पुढे म्हणतो.

हे आज उकरून काढायचं कारण म्हणजे दफनभूमी. मुंबईत जागा संपत आल्या, कबरी दोन-दोन वर्षांनी उघडाव्या लागतात, आणि धर्मग्रामांच्या, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या कॅथलिक वस्तीच्या, बैठकांतून 'माती की आग' हा वाद पुनःपुन्हा रंगतो. वाद चुकीच्या जागी चालला आहे असं माझं मत आहे. आगीची अडचण चर्चनं १९६३ सालीच दूर केली. देहाचं जे काही मागे उरतं त्याला जागा आणि नाव मिळतं का, हे खरं विचारायचं आहे. त्या कसोटीवर राख खाडीत सोडणारा चुकतोच, पण लखलखीत पॉलिशची शवपेटी आणि पिढ्यान्‌पिढ्यांसाठी अडवलेली 'फॅमिली ग्रेव्ह' यांच्यावर चाललेली आपली व्यवस्थाही चुकते.

आधी शिकवण नीट पाहू. १३१२ साली फ्रान्समधल्या व्हिएन इथल्या धर्मसभेनं आत्मा हा देहाचं 'रूप' आहे असं ठरवलं. शब्द ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानातला आहे, पण अर्थ अवघड नाही. गाडीत चालक बसतो तसा आत्मा देहात बसलेला नसतो. चालक उतरला तरी गाडी गाडीच राहते. आत्म्याविना मात्र देह हा देह राहत नाही, तो प्रेत होतो आणि विरघळू लागतो. उलट बाजूनं, देहाविना आत्मा असतो, पण अपुरा, वाट पाहणारा. म्हणून प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कलमांच्या जुन्या प्रार्थनेत, आत्म्याच्या अमरत्वाचं कलम नाही. कलम आहे ते देहाच्या पुनरुत्थानाचं, आणि लॅटिन मुळात तर सरळ 'मांसाचं' असा शब्द आहे. दुसऱ्या व्हॅटिकन सभेनं १९६५ मध्ये तेच आजच्या भाषेत सांगितलं: देह आणि आत्मा मिळून माणूस एक आहे.

टर्टुलियन नावाच्या उत्तर आफ्रिकेतल्या लेखकानं तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला यासाठी सुताराची उपमा वापरली. देह ही तारणाची बिजागरी, असं तो म्हणतो. दार कितीही भारी असो, फिरतं ते बिजागरीवर. आणि तो लगेच हिशेबही देतो: देह धुतला जातो तेव्हा आत्मा निर्मळ होतो, देहाला तेल लागतं तेव्हा आत्मा पवित्र होतो. कॅथलिक माणसाच्या आयुष्यात धर्म कुठून कुठून शिरतो ते पाहिलं तर हे पटतं. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडतं. दृढीकरणाचं तेल कपाळाला लागतं. ख्रिस्तप्रसाद जिभेवर किंवा तळहातावर ठेवला जातो. आजाऱ्याला तेल लावतात ते कपाळावर आणि दोन्ही हातांवर. १९७२ च्या सुधारणेपूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात असं एकेका इंद्रियाला लावत. मनातल्या मनात बाप्तिस्मा देता येत नाही, फोनवरून ख्रिस्तप्रसाद मिळत नाही. आणि अखेरीस चर्चमध्ये पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, ते बाप्तिस्म्याच्या पाण्याची आठवण म्हणून. नंतर धूप दाखवतात. धूप वेदीला दाखवतात, शुभवर्तमानाच्या ग्रंथाला दाखवतात, आणि प्रेताला दाखवतात. नुसत्या कुडीला कुणी धूप दाखवत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ५ सप्टेंबर १९७९ ते २८ नोव्हेंबर १९८४ या काळात बुधवारच्या सभांतून या विषयावर १२९ प्रवचनं दिली. जे अदृश्य आहे, आत्मिक आहे, ते दृश्य करण्याची क्षमता फक्त देहातच आहे, हा त्यांचा गाभा. आपल्याकडे ही शिकवण पोचली ती बहुतेक विवाहपूर्व शिबिरांतून, त्यामुळे तिचा अर्थ नवरा-बायको आणि कुटुंबनियोजन एवढ्यावर आटोपला. त्या मालिकेत एक सबंध भाग पुनरुत्थानावर आहे, तो कुणी शिकवत नाही. देहाला अर्थ आहे हे शयनगृहापुरतं सांगायचं आणि दफनभूमीच्या फाटकापाशी विसरायचं, हे अर्धवट शिक्षण झालं.

आता आग. १८८६ मध्ये रोमनं दहनावर बंदी घातली. तिचं मूळ इटलीत होतं. तिथल्या दहन संस्था आणि त्यांच्यामागची फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघटनेची मंडळी पुनरुत्थानाची टर उडवण्यासाठी दहनाचा पुरस्कार करत होती. म्हणजे बंदी होती ती आगीत जे जाहीर केलं जात होतं त्यावर. ख्रिस्ती हुतात्म्यांना रोमन लोकांनी जाळलं, श्वापदांपुढे टाकलं. ते उठणार नाहीत असं चर्चनं कधीच मानलं नाही. तो संदर्भ निघून गेल्यावर १९६३ मध्ये बंदी उठली. १९८३ च्या धर्मविधी संहितेचा ११७६ वा नियम दफनाची आग्रहानं शिफारस करतो आणि दहनाला, श्रद्धेविरुद्धच्या हेतूनं निवडलं नसेल तर, मनाई करत नाही.

त्यानंतर जगभर एक नवीच गोष्ट घडली. लोक राख घरी नेऊ लागले, वाटून घेऊ लागले, लॉकेटमध्ये भरू लागले, डोंगरावर उधळू लागले. म्हणून २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये व्हॅटिकननं सूचनापत्र काढलं. राख पवित्र जागी ठेवावी: दफनभूमीत, चर्चमध्ये किंवा त्यासाठी राखलेल्या ठिकाणी. हवेत, जमिनीवर, पाण्यात सोडू नये. दागिन्यांत घालू नये. कुटुंबीयांत वाटू नये. घरी ठेवू नये, आणि त्याला अपवाद अगदी गंभीर परिस्थितीतच. यातलं शेवटचं कलम पुष्कळांना जाचक वाटतं. "माझ्या आईची राख माझ्या घरात का नको?" त्याचं उत्तर त्याच पत्रात आहे आणि ते भावनिक नाही, व्यवहारी आहे: पुढची पिढी गेली की काय? मुंबईच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. इमारत पुनर्विकासाला जाते, सामान टेंपोत चढतं, माळ्यावरचा तांब्याचा डबा कुणाचा हे नातसुनेला ठाऊक नसतं. दफनभूमी त्या माणसाला सगळ्या धर्मग्रामाचा करते. तिथं त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्याला त्याचा वारस असावं लागत नाही.

इथं एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. राखेची वाटणी करू नका म्हणणाऱ्या चर्चनं संतांच्या देहांची वाटणी शतकानुशतकं केली. जुन्या गोव्यात बॉम जेझू बसिलिकेत सोळाव्या शतकातला धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर याचं शरीर आहे. ३ डिसेंबर १५५२ रोजी तो चीनजवळच्या शांगच्वान बेटावर वारला. चुना घालून त्याला पुरलं, मग मलाक्का, आणि १५५४ मध्ये गोवा. १६१४ मध्ये त्याच्या उजव्या हाताचा कोपराखालचा भाग रोमला पाठवला गेला. तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. दहा वर्षांनी भरणारं त्याचं शवप्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं, आणि रांगेत कॅथलिकांइतक्याच भक्तिभावानं गोंयचो सायब म्हणणारी हिंदू कुटुंबंही होती. देह म्हणजे नुसतं कवच असं मानणारा माणूस त्या रांगेत उभा राहणार नाही, हा या परंपरेचा पुरावा. पण हात कापून पाठवणं? त्याचं समर्थन मी करणार नाही. त्या काळच्या भक्तीला ते साजरं वाटलं, आज ते खटकतं आणि खटकावंच. बचावात एवढंच म्हणता येईल की त्या हातालाही ठावठिकाणा आहे, नाव आहे, आणि त्याच संहितेच्या ११९० व्या नियमानुसार असे अवशेष विकायला सक्त मनाई आहे, महत्त्वाचे अवशेष रोमच्या परवानगीशिवाय कायमचे हलवताही येत नाहीत. विखुरणं आणि वेगवेगळ्या ठिकाणी जपणं यांत फरक आहे. तो फरक पुरेसा आहे का, यावर भांडता येईल. डिसेंबर २०२३ मध्ये एका प्रश्नाला उत्तर देताना रोमनं स्वतःच थोडी मोकळीक दिली: बाकी राख पवित्र जागी ठेवली असेल, तर तिचा अगदी लहानसा भाग मृताच्या जिव्हाळ्याच्या जागी ठेवण्याचा विचार धर्माधिकारी करू शकतात. त्याच उत्तरात अनेकांची राख एकत्र ठेवायलाही मुभा आहे, मात्र प्रत्येकाचं नाव नोंदलेलं हवं.

तिकडचं झालं. आपल्या मातीकडे वळू, कारण गोंधळ तिथं जास्त आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात अंत्यविधीला जाण्याला 'मातीला जाणं' म्हणतात, दहन असलं तरी. राखेच्या बुधवारी, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावताना धर्मगुरूही तेच म्हणतात: तू माती आहेस आणि मातीला मिळशील. पण मुंबईतल्या नेहमीच्या दफनात मातीला मिळण्याची वाट आपणच अडवतो. पेटी प्लायवूडची, वर सनमायका किंवा जाड पॉलिश. आत पॉलिएस्टर सॅटिनचं अस्तर, फोमची उशी. अंगावर टेरिकॉटचा सूट, नायलॉनचे मोजे. मुलगा कॅनडाहून येईपर्यंत देह टिकावा म्हणून फॉर्मलिनचं इंजेक्शन. यातलं काहीही लवकर कुजत नाही, आणि फॉर्मलिन तर ज्या जंतूंनी काम करायचं त्यांनाच मारतं. किनाऱ्याजवळच्या दफनभूमीत पावसाळ्यात खड्ड्यात पाणी शिरतं, घट्ट पेटीत हवा नसते. अशा ओल्या, कोंडलेल्या जागी शरीरातल्या चरबीचा साबणासारखा मेणचट थर होतो आणि कुजणं जवळपास थांबतं. दोन वर्षांनी कबर उघडली की खणणाऱ्याला अस्थींऐवजी भलतंच दिसतं. तो गप्पपणे माती परत लोटतो, आणि त्या कबरीचा क्रमांक पुन्हा यादीच्या शेवटी जातो. जागेची टंचाई लोकसंख्येमुळे आहे हे खरं, पण काही हिस्सा सॅटिनच्या अस्तराचाही आहे.

उपाय जुना आहे आणि शुभवर्तमानातच आहे. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशूचं शरीर सुगंधी द्रव्यांसह तागाच्या कापडात गुंडाळून ठेवलं, पेटीचा उल्लेख नाही. वसईतल्या काही धर्मग्रामांत पेटीविना दफनाची सुरुवात झालीच आहे. त्याची रीत अशी. पाच-सहा मीटर शुद्ध सुती कापड, न रंगवलेलं. कपडेही सुतीच, बूट नाहीत, प्लास्टिकच्या मण्यांची रोझरी नाही. लाकडी मण्यांची चालेल. घरापासून कबरीपर्यंत न्यायला धर्मग्रामाच्या मालकीची एक पेटी, पुनःपुन्हा वापरायची, आत उचलता येणारी फळी. कबरीपाशी देहाखालून रुंद सुती पट्टे घ्यायचे, एक खांद्याखालून, एक कमरेखालून, एक पोटऱ्यांखालून, आणि सहा जणांनी सावकाश खाली सोडायचं. दोरी वापरू नये, ती रुतते आणि देह एका बाजूला कलतो. घरच्यांसमोर एकदा असं झालं की त्या गावात पुढची दहा वर्षं कुणी पेटीविना दफन मागत नाही. खड्डा चार-पाच फूट पुरे. जितकं खोल तितकी हवा कमी आणि कुजणं मंद.

"पण मग माणसाला शोभेसं काय?" असं विचारतात. पोपना सायप्रस, शिसं किंवा जस्त, आणि ओक-एल्म अशा एकात एक तीन पेट्यांत ठेवायची प्रथा होती. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये विधी बदलून ती एकीवर आणली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते स्वतः साध्या लाकडी पेटीत सांता मारिया मॅज्जोरेमध्ये पुरले गेले. थडग्यावर एकच शब्द, फ्रान्सिस्कुस. पेटीला जस्ताचं अस्तर होतं, तेवढं त्यांनाही टाळता आलं नाही. तरी तिनावरून एकीवर येणं हा आपल्या पॉलिशवाल्यांनी घेण्यासारखा इशारा आहे.

कायमच्या कौटुंबिक कबरीबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण मुद्दा सरळ आहे. मृतांना मूठमाती देणं हे कॅथलिक परंपरेत दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक, भुकेल्याला अन्न देण्याच्या पंगतीतलं. ज्या दफनभूमीत भाड्याच्या खोलीतल्या माणसाची कबर दोन वर्षांनी उघडते आणि शेजारची संगमरवरी कबर कित्येक वर्षं एकाच देहावर बंद राहते, तिथं दयेचं कृत्य कमी आणि मालमत्ता जास्त आहे. कायमच्या कबरी विकणं थांबवावं. जुन्या असतील त्यांत त्याच कुटुंबातल्या अस्थी आणि राख सामावून घ्यावी.

राखेसाठी लागते फारच थोडी जागा, आणि बहुतेक धर्मग्रामांनी ती अजून केलेली नाही. विद्युत किंवा गॅस दाहिनीतून प्रौढ माणसाची दोन-तीन किलो राख आणि अस्थी मिळतात. आपल्याकडे अस्थी दळून देत नाहीत, त्यामुळे पाच लिटरचं भांडं धरावं. त्याला फूटभर लांबी-रुंदी-खोलीचा कप्पा पुरतो. सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच भिंतीत मधल्या पडद्यांची जाडी सोडूनही पंचवीस कप्पे बसतात, म्हणजे एका कबरीच्या लांबीत पंचवीस माणसं. भिंत पश्चिमेला तोंड करून बांधू नये, पावसाचा मारा तिकडून येतो. मातीचं मडकं वापरू नये, फुटतं. घट्ट झाकणाचं तांब्याचं किंवा स्टीलचं भांडं घ्यावं. नाव बाहेरच्या दगडावर असतंच, पण एक धातूची पट्टी भांड्याच्या आतही टाकावी, कारण दगड निखळतात. दहा-पंधरा वर्षांनी कप्पा मोकळा करायचा झाला तर राख सामाईक अस्थिकक्षात, आणि नाव तिथल्या फलकावर. वर सांगितलेल्या २०२३ च्या उत्तरानं त्याला वाट दिलीच आहे.

क्रमही ठरवून ठेवावा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, शक्यतो देह चर्चमध्ये असताना, दहनाच्या आधी. दाहिनीत पेटी जात नाही, सुती कापडातच द्यावं लागतं. पेसमेकर असेल तर रुग्णालयातच काढून घ्यावा, उष्णतेनं त्याची बॅटरी फुटते. क्रूस, अंगठी, चष्मा आधीच उतरवावा. लाकडाच्या चितेवर दहन केलं तर लाकडाची राख मिसळते, तेव्हा निदान अस्थी तरी सगळ्या वेचाव्यात, मूठभर घेऊन बाकी सोडून येऊ नये. हे सगळ्यात जास्त चुकतं, कारण आजूबाजूची पद्धत तशीच आहे आणि स्मशानातला माणूस सवयीनं लहान गाडगं पुढे करतो.

देह एवढा मोलाचा तर त्यातले अवयव कसे द्यायचे, हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात. उत्तर उलट दिशेनं येतं: मोलाचा आहे म्हणूनच त्याचं दान होऊ शकतं. बाराव्या पायस यांनी १९५६ मध्ये नेत्रपटलाच्या दानाला संमती दिली. दुसऱ्या जॉन पॉल यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोममध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांसमोर बोलताना अवयवांची खरेदी-विक्री नाकारली, कारण देह म्हणजे निव्वळ ऊती आणि अवयवांचा साठा नव्हे. आणि मेंदूमृत्यूचा निकष काटेकोरपणे लावला तर तो शिकवणुकीच्या आड येत नाही असं सांगितलं. आपला १९९४ चा कायदाही विक्रीला गुन्हा मानतो. मेंदूमृत्यूची तपासणी चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा करतं, आणि तुम्ही कार्ड भरलं असलं तरी शेवटी विचारतात ते घरच्यांनाच. म्हणून कार्ड पाकिटात ठेवण्यापेक्षा बायको-मुलांना सांगून ठेवणं जास्त उपयोगाचं. नेत्रदान तर घरीही होतं: सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन, पापण्या मिटून वर ओला कापूस, पंखा बंद, डोक्याखाली उशी. काम पंधरा-वीस मिनिटांचं. त्यानंतर मिस्सा आणि दफन नेहमीप्रमाणेच. देहदानात मात्र एक अडचण आहे. अभ्यास संपल्यावर अवशेष बहुतेक ठिकाणी घरच्यांना परत मिळत नाहीत, आणि जागा-नाव ही आपली कसोटी तिथं सुटते. महाविद्यालयाशी आधीच लेखी बोलून ठेवावं, आणि जमणार नसेल तर निदान धर्मग्रामाच्या फलकावर नाव कोरून घ्यावं.

हे सगळं प्रत्यक्षात किती लवकर करावं लागतं ते २०२० मध्ये दिसलं. ३० मार्चला मुंबई महापालिकेनं कोविडच्या मृतांचं धर्म कोणताही असो दहनच करायचं असं परिपत्रक काढलं आणि विरोध झाल्यावर त्याच दिवशी बदललं. केरळात आलप्पुळच्या लॅटिन धर्मप्रांतानं जुलैत वेगळी वाट काढली: कोविडनं गेलेल्यांचं दहन चर्चच्याच दफनभूमीत, आणि राखेचं तिथंच दफन. ना शिकवण मोडली, ना लोक अडले. मुंबईत मात्र कित्येक कुटुंबं राखेचं भांडं हातात घेऊन धर्मग्रामाच्या कचेरीत आली तेव्हा ते ठेवायचं कुठे, याचं उत्तर तयार नव्हतं. मयतांच्या नोंदवहीत कबरीच्या क्रमांकाचा रकाना छापलेला असतो. तिथं कप्प्याच्या क्रमांकाचा आणखी एक रकाना आखायला पट्टी आणि पेन लागतं, बिशपांचं पत्र लागत नाही.